मामंजींचा विषय

तिकेन्साय, २७ मे २०१३

धाकट्या जाऊबाई दामेश, तुला थोरल्या कुलपाशचा आशीर्वाद.

आधी एकेकाची खुशाली सांग. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तू जास्त कुरकुरतेस की तो? तुझा नवरा, म्हणजे आमचा लाडका दीर, रक्तदाबाच्या गोळ्या घेतो का, की अजून उशीखाली लपवतो? अस्तानातला तुझा मुलगा फोन करतो का? सून बरी? नातवाचा पुढचा दात पडला होता, तो आला का? तुमची ती लठ्ठ मांजर? तिचंही लिही, ती घरातली सगळ्यांत समंजस आहे.

इकडे आमचे हे बरे आहेत. हिवाळ्यातला खोकला गेला, बोलणं मात्र परत आलं नाही. काहीही विचारलं तरी 'बघू' म्हणतात. थोरले दीर, आपली 'मोठी टोपी', ऐंशीच्या घरात आले तरी घोड्यावर बसतात, उतरताना तेवढी दोन माणसं लागतात. तपकिरी घोडी व्याली. माझा डावा कान पूर्ण संपावर गेला आहे, उजवा अर्धवेळ काम करतो.

म्हणूनच फोन करत नाही, रागावू नकोस. मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, मी ओरडते म्हणून तूही ओरडतेस, आणि आपल्या दोघींमधलं गुपित दुसऱ्या दिवशी दुकानात मला परत मिळतं. त्यापेक्षा पत्र बरं. मिनीबसवाला तुर्सुन पत्र नेतो आणि पिशवीही नेतो. पिशवीत वाळवलेल्या दह्याचं कुर्त आहे. खारट झालंय, तेव्हा लाडक्याला नुसता वास दे.

आता मुख्य गोष्ट. काल शाळेत पालकांची सभा झाली. नववी झालेल्या पोरांनी पुढच्या वर्षी कुठला गट घ्यायचा ते ठरवायचं होतं. एक गट इतिहासाचा, त्यात भाषा आणि कायदा. दुसरा आकड्यांचा, त्यात विज्ञान. एकदा शाळा सुरू झाली की गट बदलता येत नाही, दोन वर्षं तोच, आणि पुढे विद्यापीठाची परीक्षाही त्याच विषयांची. म्हणजे पंधराव्या वर्षी पोरांनी जन्माची वाट धरायची. आपल्याला त्या वयात कुठली मेंढी कुणाच्या कळपातली एवढंच सांगता यायचं, आणि त्यातही मी चुकायचे.

आपली पेरिझात तुला ठाऊकच आहे. आतिराउच्या शहरात वाढलेली पोर. आईबाप तेलाच्या कामावर पाळ्या करतात म्हणून गेल्या वर्षी आमच्याकडे आली. काही विचारलं की जमिनीकडे बघते. पण आकडे दिसले की हिचे डोळे असे लुकलुकतात, जसे लाडक्याचे मांस बघून. तिला काय घ्यायचंय हे विचारायची गरज नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला?

नियम असा की पालकाने सभेत उठून तोंडाने सांगायचं. आणि माझी अडचण तुला सांगायला नको, कारण तुझीही तीच आहे. त्या आकड्यांच्या विषयाचं शाळेतलं नाव आपण सुनांनी कसं घ्यायचं? सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव ओठांवर आणायचं नाही, आणि त्या एका शब्दात आपल्या मामंजींचं नाव एकदा नाही, दोनदा येतं. बरं, दुसरं एक नाव आहे, 'आल्ग' ने सुरू होणारं, तर त्यात मोठ्या टोपीचं नाव निम्मं होऊन जातं. या घराण्यातल्या पुरुषांनी सगळी आकडेमोड अडवून ठेवली आहे. घरी मी पोरीला 'तुझे आकडे' म्हणते. पण चारचौघांत जरा भारदस्त बोलावं म्हणून आपला जुना शब्द वापरला, आपली पोरं शाळेत होती तेव्हा आपण दोघी म्हणायचो तो. उभी राहिले आणि म्हटलं, "आमच्या पेरिझातला आमच्या मामंजींचा विषय द्या."

जुने मास्तर असते तर मान हलवून मोकळे झाले असते, त्यांना आपला तो शब्द पाठ होता. यंदा उत्तरेकडून दिदार म्हणून एक तरुण मास्तर आलाय. त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. म्हणाला, "वा आजी, अशी माणसं आता राहिली नाहीत." भला मुलगा आहे. आकड्यांवर एवढं प्रेम मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

परवा आम्ही उन्हाळ्यासाठी वर कुरणात जातो. तुर्सुनची गाडी पायथ्यापर्यंत येते, तिथून पत्र घोड्यावर येतं. तेव्हा लिहीत जा.

तुझी,
कुलपाश

*

आल्माटी, ६ जून

आदरणीय जाऊबाईंना दामेशचा नमस्कार.

खुशाली घ्या. गुडघा माझ्याआधी कुरकुरतो. तुमचा लाडका गोळ्या घेतो, पण घेताना माझ्याकडे असं बघतो जसं मी सावत्र आई आहे. मुलगा एका रविवारी फोन करतो आणि पुढच्या रविवारीही केला असं समजून पंधरवडा काढतो. नातवाचा दात आला, तिरका आला. मांजर बरी आहे. तुमच्या भावोजींनी कुर्त मांजरीला दिलं असं सांगून स्वतः खाल्लं, हे मी तिच्या तोंडाच्या वासावरून ओळखलं, म्हणजे वास नव्हता त्यावरून.

जाऊबाई, तुम्ही मोठ्या, मी लहान तोंडी काय सांगावं. पण पेरिझातला मामंजींच्या विषयात घालायची एवढी घाई का केलीत? तो शिकला की माणूस थेट वाळवंटात जातो, तेल काढायला. तिचा बाप गेलाच ना? वर्षातून दोनदा दिसतो, तोही उन्हाने काळा पडलेला. मला विचाराल तर पोरीने कायदा घ्यावा. घरात एक वकील असावा. आमच्या जिन्यात दर दाराआड एक वकील आहे, आणि परवा गच्चीच्या कुलपावरून सगळ्यांचं भांडण झालं तर आमच्याच बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

शिवाय कायदा आल्माटीत शिकवतात. मुलाची खोली रिकामी आहे. खिडकीत सकाळचं ऊन येतं, मेजही आहे. मी काही आग्रह करत नाही. फक्त खोली पुसून ठेवली आहे, एवढंच कळवते.

थोरल्यांना, म्हणजे मोठ्या टोपीला, माझा नमस्कार. तुमच्या ह्यांनाही. ते 'बघू' म्हणतील, तेच उत्तर समजेन.

तुमची,
दामेश

*

वरचं कुरण, ८ जुलै

धाकटी आजी,

मी पेरिझात. हे पत्र आजीला कळू देऊ नकोस. तुर्सुनकाकांना मी सांगितलंय की यात तुझ्या गुडघ्यासाठी वनस्पतीचं नाव आहे. तू विचारलंस तर खोटं पडू नये म्हणून नाव लिहिते: चिडवणे, ते अंगाला लागलं की आग होणारं पान. आजी म्हणते चोळून लाव, मी म्हणते लावू नकोस.

मला एक सांगायचंय आणि इथे सांगायला फक्त मेंढ्या आहेत.

शाळेच्या शेवटच्या दिवशी यादी लागली. माझं नाव इतिहासाच्या गटात आहे. मला वाटलं चूक झाली. दिदार सरांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, तुझ्या आजीनेच भर सभेत उभं राहून मागितलं. माझ्या अंगावर काटा आला." शाळेच्या व्हरांड्यात पणजोबा मातायांचा फोटो आहे ना, खाली लिहिलंय की त्यांना साऱ्या गावाच्या वंशावळी तोंडपाठ होत्या. सर म्हणाले, आजीची इच्छा आहे की तू पणजोबांचा वारसा चालवावास. फोटोसमोर उभं करूनच सांगितलं. पणजोबा माझ्याकडे बघत होते. मी दप्तर उचलून घरी आले.

धाकटी आजी, मला मातेमातिका हवं होतं. दुसरं काही नको होतं. इतिहास वाईट नाही, पण इतिहासात सगळं होऊन गेलेलं असतं. आकड्यांत पुढे काय येणार ते आपण काढायचं असतं. इथे झोपताना मी आपल्या लोकरी नमद्याच्या घराची, भिंतीतली लाकडी जाळी बघते. ती उघडली की घर रुंद होतं आणि बुटकं होतं, मिटली की उंच आणि अरुंद. किती उघडली की किती माणसं मावतील हे काढता येतं. मी काढलंय. आजोबांना दाखवलं. ते 'बघू' म्हणाले.

पण आजीला मातेमातिका आवडत नाही. हे मला आता कळलं. वर्षभरात तिने हा शब्द एकदासुद्धा उच्चारला नाही. मी म्हटला तरी मान फिरवते. 'तुझे ते आकडे' म्हणते. माझ्या आल्गेब्राच्या पुस्तकाला ती 'तो निळा ठोकळा' म्हणते. एवढा तिटकारा असून तिने मला वर्षभर दिव्याजवळची जागा दिली. आता तिची एक इच्छा आहे, तर मी मोडू कशी? तू कायदा म्हणत होतीस असं आजीकडून कळलं, तर मला सांग, कायद्यात थोडे तरी आकडे असतात का?

तुझी,
पेरिझात

*

वरचं कुरण, २१ जुलै

दामेश, तुला आशीर्वाद, पण या वेळी जरा मोजूनमापून.

काल शेजारच्या कुरणातली बाई घोडीच्या दुधाचं कुमिस प्यायला आली आणि सहज बोलून गेली की तुमची पेरिझात इतिहासाच्या गटात आहे ना, आमचा पोरगाही तिथेच. माझ्या हातातला वाडगा तसाच राहिला. मी स्वतः माझ्या तोंडाने मामंजींचा विषय मागितला होता. म्हणजे नंतर जाऊन बदललं कुणी? पोरीनेच. आणि पोरीच्या डोक्यात कुणी भरवलं? मी काही कुणाचं नाव घेत नाही. नाव न घेण्यात माझी हयात गेली आहे. पण कुणाच्या तरी घरात खोली पुसून ठेवली आहे आणि खिडकीत ऊन येतं म्हणे.

रागावले नाही. थोडी रागावले. पोरीने मला सांगितलं असतं तरी मी नाही म्हणाले असते का? तिला वाटलं असेल म्हातारीला वाईट वाटेल. लपवते बिचारी. रात्री भिंतीच्या जाळीकडे बघत पडून असते आणि बोटाने हवेत कसले तरी चौकोन काढते. वाटतं, सोडलेल्या विषयाचा निरोप घेत असेल. घोडा विकल्यावर माणूस लगाम हातात घेऊन बसतो तसं.

मी ठरवलंय, मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. तूही बोलू नकोस. तिने इतिहास धरला ना, मग आपण पाठीशी उभं राहायचं. म्हणून आजपासून संध्याकाळी चहा झाला की मी तिला मामंजींच्या वंशावळी म्हणून दाखवते. नावं मला घेता येत नाहीत, म्हणून 'उंच नाकवाला', त्याचा मुलगा 'दोन बायकांचा', त्याचा मुलगा 'तो दुष्काळात गेला तो', अशी सांगते. पोरगी डोळे मोठे करून ऐकते. परवा ऐकता ऐकता बसल्या जागी झोपली, एवढी रमली.

लाडक्याला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला चिडवणे लाव.

कुलपाश

*

आल्माटी, ३ ऑगस्ट

आदरणीय जाऊबाई,

पत्र मिळालं. इकडे ऊन फार आहे. जर्दाळूचा मुरंबा घातला, तो जरा पातळ झाला. चिडवणे लावलं. गुडघ्याचं दुखणं गेलं, आता आग होते. मांजर बाल्कनीतून पडली, तिला काही झालं नाही, तुमच्या भावोजींना झालं, ओरडून त्यांचा घसा बसला.

पेरिझातबद्दल तुम्ही म्हणता तसंच करू. पोरं ज्यात सुखी, त्यात आपण सुखी. इतिहासही चांगलाच. इतिहासातून कायद्याकडे जाता येतं. सप्टेंबर लागला की सगळं आपोआप बसतं.

बाकी काही विशेष नाही. मुरंब्याची एक बरणी पाठवते. पातळ आहे म्हणून पावाबरोबर नको, चहात घाला.

तुमची,
दामेश

*

आल्माटी, २४ ऑगस्ट

जाऊबाई,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. खुशाली नंतर विचारेन, आधी बोलून टाकते, नाहीतर परत मुरंब्यावर जाईन.

माझ्याजवळ जुलैपासून दोन पत्रं आहेत. एक तुमचं, एक पेरिझातचं. तिने मला गुपचूप लिहिलं होतं. तुम्ही म्हणता पोरीला सांगू नकोस, पोरगी म्हणते आजीला सांगू नकोस. मी दोघींचा शब्द पाळला. खरं म्हणजे शब्द पाळणं मला सोयीचं होतं. पोरगी इतिहासात राहिली तर कायद्याला येईल, कायद्याला आली तर आमच्याकडे राहील, असं माझं चाललं होतं. मुलाची खोली दिवसातून दोनदा पुसते मी, जाऊबाई. धूळ नसते तिथे.

तुमच्या भावोजींनी दोन्ही पत्रं वाचली. आधी एवढे हसले की मला गोळी शोधावी लागली. मग जेवायला बसले आणि जेवले नाहीत. मीठ नव्हतं म्हणून नाही. म्हणाले, "माझे बाबा मेल्यावरही माझ्या पुतणीच्या आड येतायत आणि तू मजा बघतेस." ती नात लागते त्यांची, पण रागात ते एक पिढी चुकतात.

पोरीने काही बदललेलं नाही. तुमच्या दिदार मास्तराला 'मामंजींचा विषय' म्हणजे आपली अडचण ठाऊक नाही. त्याला एवढंच ठाऊक, की व्हरांड्यात ज्यांचा फोटो आहे ते वंशावळी सांगायचे. त्याने इतिहास लिहून घेतला. आणि पेरिझातला वाटतं की ही तुमची इच्छा. तुम्ही त्या विषयाचं नाव घेत नाही म्हणून तिला वाटतं तुम्हाला त्याचा तिटकारा आहे. शहरातली पोर, तिला कुणी सांगितलंच नाही की आजी मान का फिरवते. तुम्ही तिला वंशावळी ऐकवता ती तुमची माया, आणि ती ऐकते ती तिची माया. दोघी एकमेकींवर माया करकरून पोरीची दोन वर्षं मातीत घालायला निघाल्या आहात. तिने मागच्या आठवड्यात मला चिठ्ठी पाठवली: 'दुष्काळात गेला त्याच्यानंतर आणखी किती जण आहेत?'

शाळा दोन सप्टेंबरला उघडते. त्याच्या आत जाऊन सांगा. आणि या वेळी असं सांगा की कुणाला दुसरं काही ऐकूच येणार नाही.

तुम्हाला एकटीला पुढे ढकलते आहे असं वाटू नये म्हणून मी इथे लिहिते. अक्षर वाईट येईल. भिंतीकडे तोंड करून लिहिते आहे.

मातेमातिका.

लिहिलं. छत जागेवर आहे. मांजर माझ्याकडे बघते आहे.

तुमची,
दामेश

*

तिकेन्साय, ३ सप्टेंबर

माझ्या दामेश, तुला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पेरिझात दूध काढायला गेलेली असताना वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. मग मास्तरचा. मग दोन्हीही सोडून दिले, कारण राग करायला हक्काचं माणूस एकच उरलं होतं, ती मी. झाकून बोलायची एवढी सवय, की पोरीचं नशीबही झाकून आले. पोरीला मात्र काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी काम, मग बोलणं. आम्ही त्याच दिवशी खाली गावात उतरलो.

पण मला नुसतं जाऊन 'आकड्यांचा गट' म्हणायचं नव्हतं. एकदा सूचक बोलले त्याचं फळ बघितलं. तू लिहू शकतेस, तर मी म्हणू शकते. तरी परवानगी हवी. आमच्या ह्यांना विचारलं. ते 'बघू' म्हणाले. मग मोठ्या टोपीकडे गेले. घराण्यात वडील तेच. मी दाराशी उभी राहून, मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "पन्नास वर्षं तू मला काय म्हणतेस ते आधी सांग. गावाला माहीत आहे, मलाच माहीत नाही."

मी म्हटलं, "मोठी टोपी."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवून बघितली. म्हणाले, "बाबांना चालेल. त्यांनी स्वतः तुझी बाजू घेतली असती. आणि सराव हवा असेल तर आधी मला नावाने हाक मार." दामेश, तेवढं मात्र माझ्याने झालं नाही. मेलेल्याला हाक मारणं सोपं, जिवंत माणूस 'ओ' देतो.

शुक्रवारी सकाळी तळणीत सात शेल्पेक पोळ्या तळल्या, मामंजींच्या नावाने वाटल्या, एक टेकडीवर घेऊन गेले. कबरीजवळ बसून सांगितलं की आज तुम्हाला नावाने हाक मारणार आहे, दोनदा, रागावू नका, तुमच्या पणतीसाठी आहे. वारा होता तेवढाच होता. ते रागावले असते तर मला कळलं असतं, ते रागावले की आधी खाकरायचे.

तिथून थेट शाळेत. पेरिझातला म्हटलं चल, दप्तराचं काहीतरी विचारायचंय. तिला बाहेर व्हरांड्यात बसवलं, नेमकी फोटोखालीच जागा होती. आत मुख्याध्यापिका बाई आणि दिदार मास्तर. बाई आपल्याच गावची सून. मी सुरुवात केली, "गटात चूक झाली आहे, मी मामंजींचा म्हणाले होते, पण" एवढ्यातच बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मास्तरला म्हणाल्या, "अहो, यांच्या सासऱ्यांचं नाव त्या फोटोखाली वाचा. तुम्ही काय लिहून घेतलंत?" तो बिचारा खालपासून वरपर्यंत लाल झाला. बाई म्हणाल्या, "आजी, मला समजलं. तुम्ही म्हणू नका, मी बदलते."

मी म्हटलं, "नाही. नीट ऐका, मग बदला."

मला वाटलं होतं हळू म्हणेन. पण तुला माझा कान ठाऊक आहे. आणि पन्नास वर्षं दाबलेला शब्द, तो काय हळू येतो?

"मातेमातिका."

बाई उठून उभ्या राहिल्या, का ते त्यांनाही कळलं नसेल. मास्तरही उभा राहिला. व्हरांड्यात झाडू मारणारी थांबली. खरं सांगू दामेश? मला वाटलं होतं लाज वाटेल. तसं काही नाही झालं. लग्न होऊन आले तेव्हापासून ज्यांच्यापुढे मान वर केली नाही, त्यांना पहिल्यांदा हाक मारली आणि वाटलं, ते कुठेतरी वळून बघतायत. 'कोण गं, कुलपाश का' म्हणतायत.

दार उघडलं, तर पेरिझात दारातच. तिने ऐकलं होतं. साऱ्या शाळेने ऐकलं होतं. मग तिला तिथेच, फोटोखाली बसवून सगळं सांगितलं: नाव का घेत नाही, मान का फिरवते, निळा ठोकळा निळा ठोकळा का. पोरगी रडू लागली, मग हसू लागली, मग दोन्ही एकदम. म्हणाली, "म्हणजे तुला आवडतं?"

मी म्हटलं, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तुला आवडतं ते मला आवडतं, आणि वंशावळी आता बंद."

तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि चांगल्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, अजून एकदा म्हण."

म्हटलं. यावेळी हळू, फक्त तिच्यापुरतं आणि फोटोपुरतं.

पोरगी बोटांवर मोजत म्हणाली, "दोनदा म्हणालीस, दर वेळी पणजोबा दोनदा. चार झाले. बघ आजी, तुलाही येतं."

काल ती पहिल्यांदा त्या गटात बसली. दिदार मास्तरला मी तळलेले गरम बाउर्साक पाठवले, पोर फारच ओशाळलं होतं. त्याने उलट निरोप पाठवला की वंशावळी त्याला ऐकायच्या आहेत. तेव्हा तीही सोय झाली. शनिवारी येतो, 'उंच नाकवाल्या'पासून सुरुवात आहे.

आणि तुझ्या खोलीचं. मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. आल्माटीतही आकडे शिकवतात, मोठमोठी विद्यापीठं आहेत म्हणे, वाळवंटात जायची गरज नाही. पोरीला विचारलं तर तिने जमिनीकडे बघितलं नाही. म्हणाली, "खिडकीत सकाळचं ऊन येतं ना?" दोन वर्षं आहेत. दिवसातून एकदाच पुसत जा.

लाडक्याने रागात माझ्या नातीला पुतणी म्हटलं, ते मी मनावर घेतलं नाही. पण त्याने जेवण सोडलं नसतं तर तू लिहिलं नसतंस, तेव्हा या वेळी त्याला कुर्ताचा एक तुकडा खरंच दे. आणि त्याला सांग की आता मांजरीचं नाव पुढे करू नये.

उत्तर लवकर लिही. तुर्सुन या खेपेला बुधवारी निघतो आणि शुक्रवारी परततो, तेवढ्यात होईल. आणि तो शब्द तू नुसता लिहिलास, तोंडाने म्हणून बघितलास का, तेही कळव. लिहिणं वेगळं, म्हणणं वेगळं. भिंतीकडे तोंड करू नकोस. खिडकीकडे करून म्हण.

तुझी थोरली,
कुलपाश